नागपाड्यातली शाळा आणि उमेदवारांच्या वह्या

१९३६ साली मुंबईत नागपाड्याच्या एका इमारतीत अवघ्या वीस विद्यार्थ्यांची एक शाळा सुरू झाली. शाळा पदवीधरांसाठी होती आणि शिकवायचा विषय होता समाजकार्य. आज हे वाचताना काही विशेष वाटत नाही, कारण एम.एस.डब्ल्यू. झालेला भाचा किंवा पुतणी आता पुष्कळ घरांत असते. त्या काळी मात्र हा विषय वर्गात शिकवायचा असतो, हेच अनेकांना चमत्कारिक वाटले असणार. सेवा ही वृत्ती. ती अंगात असते किंवा नसते. तिचा वेळापत्रकाशी आणि परीक्षेशी काय संबंध?

असे विचारणाऱ्या समाजाला सेवेचा अनुभव नव्हता, असे मुळीच नाही. गोखल्यांचा भारत सेवक समाज १९०५ मधला. विठ्ठल रामजी शिंदे यांचे डिप्रेस्ड क्लासेस मिशन १९०६ मधले. रमाबाई रानड्यांची पुण्याची सेवासदन १९०९ मधली आणि ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग १९११ मधली. लीगने गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालवले. तेव्हा वस्तीत जाणे मुंबईला नवे नव्हते. शिक्षणाची कल्पनाही पूर्णपणे नवी म्हणता येत नाही. गोखल्यांनी आपल्या सभासदांना पाच वर्षांची उमेदवारी घालून दिली होती. त्यात काही काळ पुण्यात बसून वाचन, बाकीचा काळ प्रवास आणि प्रत्यक्ष काम. पण ती उमेदवारी आयुष्यभराच्या व्रताची होती. सभासद शपथ घेई, अल्प वेतनावर राही, आणि त्याची पारख होई ती चारित्र्यावरून, निष्ठेवरून. तो एखाद्या घरात जाऊन काय बोलला, समोरच्याने काय उत्तर दिले, ते ऐकताना त्याच्या मनात काय आले, याची तपासणी कोणी करत नसे. नागपाड्याच्या शाळेने नेमकी हीच तपासणी सुरू केली, आणि माझ्या मते तिचे वेगळेपण इथेच आहे. इमारत, देणगीदार, डिप्लोमा या गोष्टी दुय्यम.

मी या विषयाकडे आलो तो आडवाटेने. विम्याच्या कचेरीतली नोकरी सांभाळून गिरणगावातल्या चाळींच्या जुन्या हकिकती जमवण्याचा मला नाद आहे. लोकांशी बोलताना एक पात्र पुन्हा पुन्हा डोकावू लागले: दर मंगळवार-गुरुवारी वही घेऊन येणारी एक ‘कॉलेजची मुलगी’. कोणाच्या आठवणीत ती मुलांना गाणी शिकवते, कोणाच्या आठवणीत रेशनकार्डाचा अर्ज लिहून देते, कोणी म्हणते, ‘ती नुसती बसायची आणि आईला बोलायला लावायची.’ वर्षानुवर्षे मुली बदलत गेल्या, काही वर्षी मुलगेही आले, पण लोकांच्या आठवणीत ते सगळे मिळून एकच माणूस झाले आहे. ही मुलगी कुठून आली, हे शोधत मी नागपाड्याला पोहोचलो.

तिथली कथा सुरू होते क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्यापासून. तो १९२५ साली मुंबईत आला तो अमेरिकन मराठी मिशनतर्फे. मराठी वाचकाला हे मिशन ‘ज्ञानोदय’मुळे परिचयाचे आहे, १८१३ पासून ते मुंबईत होते. मॅनशार्टने मात्र धर्मप्रसाराची नेहमीची वाट धरली नाही. १९२६ साली त्याने आणि मिशनने नागपाडा नेबरहुड हाउस काढले. कल्पना लंडनच्या टॉयन्बी हॉलची (१८८४) आणि शिकागोच्या हल हाउसची (१८८९): शिकलेल्या माणसांनी गरीब वस्तीत घर करून राहावे, शेजारी व्हावे, आणि शेजाऱ्याला लागेल ते काम करावे. जागा तर अशी निवडली की तिथे शेजार या शब्दाचा कस लागावा. एका बाजूला कामाठीपुरा, आसपास मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती, हिंदू अशी सरमिसळ वस्ती. दवाखाना, वाचनालय, बालवाडी, व्यायाम, वादविवादाची व्यासपीठे असे पुष्कळ काही तिथे चाले. नागपाड्यातल्या बास्केटबॉलच्या वेडाची सुरुवातही या घराशी जोडली जाते.

दहा वर्षे हे घर चालवताना एक अडचण वारंवार येत राहिली असावी. हौशी माणसे येतात, भरभरून काम करतात, आणि पावसाळ्याबरोबर ओसरतात. दरम्यान १९३२ साली सर दोराबजी टाटा ट्रस्ट स्थापन झाला होता. त्याच वर्षी दोराबजी वारले. धर्मादाय पैसा शहाणपणाने खर्च व्हायचा तर तो खर्च करणारी प्रशिक्षित माणसे हवीत, हा मॅनशार्टचा विचार ट्रस्टला पटला. त्यातून सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले. १९४४ साली तिचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले आणि १९५४ साली ती देवनारला गेली. मॅनशार्ट १९४१ पर्यंत संचालक होता, त्याच्यानंतर जे. एम. कुमारप्पा आले. गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचे हे बंधू. एक भाऊ खेड्यातल्या चरख्याचे अर्थशास्त्र मांडतो आहे आणि दुसरा शहरातल्या समाजकार्याचा अभ्यासक्रम चालवतो आहे, या जोडीवर कोणी तरी स्वतंत्र लिहायला हवे.

अभ्यासक्रमाचा सांगाडा परदेशातून आला होता. न्यूयॉर्कच्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने १८९८ साली सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग घेतला, तिथून अमेरिकेतल्या समाजकार्याच्या शिक्षणाची सुरुवात मानतात. त्याआधी नवी माणसे जुन्यांच्या मागे हिंडून शिकत. १९१७ साली मेरी रिचमंड यांचे ‘सोशल डायग्नोसिस’ आले आणि माणसाची अडचण पद्धतशीरपणे कशी समजून घ्यावी, याला एक शास्त्र मिळाले. तेव्हापासून दोन पायांवर चालणारी एक पद्धत घडत गेली. एक पाय वर्गात: समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, व्यक्तिसहाय्य, गटकार्य. दुसरा पाय बाहेर, कुठल्यातरी संस्थेत. आठवड्याचे दोन दिवस, साधारण पंधरा तास, विद्यार्थी रुग्णालयात, रिमांड होममध्ये, कामगार कल्याण केंद्रात किंवा वस्तीत काम करतो. घरी आल्यावर घडलेले सगळे लिहून काढतो. ती वही पर्यवेक्षकाकडे जाते. पर्यवेक्षक ती वाचतो, समासात लिहितो, आणि आठवड्यातून एकदा विद्यार्थ्याला समोर बसवून तासभर बोलतो. याला मराठीत पुढे ‘क्षेत्रकार्य’ असा भारदस्त शब्द मिळाला. विद्यार्थी अजूनही ‘फील्डवर्क’च म्हणतात.

वरवर पाहता ही वैद्यकीच्या विद्यार्थ्यांची वॉर्डातली फेरीच. पण वॉर्डात मोठा डॉक्टर रोग्याच्या खाटेशी उभा असतो, विद्यार्थ्याचा हात चुकला तर पकडतो. समाजकार्यात पर्यवेक्षक तिथे नसतो. विद्यार्थी एकटा दार ठोठावतो. पर्यवेक्षकाला दिसते ती फक्त वही. म्हणून सगळा भार त्या वहीवर. काय दिसले, ते कसे लिहिले, आणि काय लिहायचे राहून गेले, यावरून माणूस ओळखायचा. मला तरी ही गोष्ट अद्भुत वाटते.

अशा वह्या इतिहासाच्या अभ्यासकाच्या हाती सहसा लागत नाहीत. त्याचे कारण पुढे येईल. एका निवृत्त समाजकार्यकर्त्या बाईंनी मात्र त्यांच्या दोन वह्या मला त्यांच्याच घरी बसून वाचू दिल्या. काळ १९६०च्या दशकाचा शेवट. नावे, चाळींचे क्रमांक, गावे त्यांनी आधीच काळ्या शाईने खोडून ठेवली होती.

दुसऱ्या वर्षी त्या परळ भागातल्या एका रुग्णालयात होत्या. क्षयाचे औषध मध्येच सोडून देणाऱ्या रुग्णांच्या घरी जायचे काम. त्या काळी हा उपचार दीड-दोन वर्षांचा, इंजेक्शनांसह. बरे वाटू लागले की माणसे येणे बंद करत. एका गिरणी कामगाराबद्दल बाईंनी पहिल्या भेटीनंतर लिहिले होते, अर्थात इंग्रजीत, की रुग्ण अनकोऑपरेटिव्ह असून त्याला आजाराचे गांभीर्य नाही. समासात लाल पेन्सिलीने पर्यवेक्षिकेचा प्रश्न: ‘हे तो म्हणाला, की तुम्ही म्हणता?’ पुढच्या आठवड्यात बाईंनी रोगाची माहिती रुग्णाला कशी समजावून सांगितली, त्याची दोन पाने. समासात पुन्हा एकच ओळ: ‘तुम्ही किती वेळ बोललात आणि तो किती वेळ?’ तिसऱ्या नोंदीत भेट लांबत जाते. रुग्ण बोलतो. तो बदली कामगार आहे. चौथ्या नोंदीच्या समासात: ‘दवाखाना किती वाजता असतो? गेट किती वाजता?’

ज्यांना गिरणगाव माहीत आहे त्यांना इथे सगळे उलगडेल. बदली कामगाराला पाळीच्या वेळी गेटवर उभे राहावे लागे. कायम कामगार गैरहजर असेल तर काम मिळणार, नाहीतर परत. पण उभे राहणे चुकवून चालत नसे. हजेरी तुटली की बदलीचे कार्ड धोक्यात. आणि दवाखान्याची बाह्यरुग्ण खिडकी सकाळचीच. राज्य विमा योजना मुंबईत १९५४ पासून होती, पण तिचे लाभ मिळायला वर्गणीचे पुरेसे दिवस भरलेले असावे लागत, आणि बदलीवाल्याचे दिवस भरतील याचा भरवसा नसे. म्हणजे औषध घेतले तर काम जाणार आणि काम टिकवले तर औषध सुटणार. यात गांभीर्य नसलेला कोण होता? पाचव्या नोंदीत ‘अनकोऑपरेटिव्ह’ हा शब्द नाही. तिथे दुपारच्या वेळी इंजेक्शन देणारे जवळचे एखादे केंद्र मिळते का, याची पायपीट आहे. सहाव्या नोंदीत ते मिळाले आहे.

पर्यवेक्षिकेला उत्तर पहिल्या आठवड्यातच ठाऊक असणार. गिरणगावात काम केलेल्या बाई त्या. त्यांनी ते सांगितले नाही. महिना जाऊ दिला. मी हे बाईंना बोलून दाखवले, की तोवर त्या माणसाचे औषध बंदच होते. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हो. माझ्या शिक्षणाचा एक महिना त्यांच्या छातीवर गेला.’

वहीत आणखी एक गोष्ट होती. सारी नोंद इंग्रजीत, कारण शिक्षणाचे माध्यम इंग्रजी. पण तिसऱ्या नोंदीपासून मधूनमधून देवनागरीत वाक्ये येऊ लागतात. बाईंनी सांगितले की तशी पर्यवेक्षिकेची ताकीदच होती: माणसाचे महत्त्वाचे वाक्य भाषांतर न करता त्याच्याच शब्दांत लिहा. त्याचे कारण त्यांना पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर समजले. रुग्णाची बायको म्हणाली होती, ‘ताई, ह्येंचा जीव घाबरा होतो.’ पहिल्या नोंदीत त्याचे झाले होते, रुग्ण अँक्शस आहे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात एक बाई रात्री नवऱ्याशेजारी जागी आहे, दुसऱ्यात एक लक्षण आहे. परदेशातून आलेली पद्धत इथे रुजली असेल तर ती संचालकांच्या भाषणांतून किंवा पाठ्यपुस्तकांतून रुजली, असे मला वाटत नाही. ती अशा वह्यांत रुजली, जिथे कोणी तरी शिकाऊ माणसाला थांबवून विचारत होते की समोरची व्यक्ती नेमके काय म्हणाली.

आता बाईंच्या त्या वाक्याकडे येतो, कारण या सगळ्या व्यवहारात कळीचा प्रश्न तोच आहे. शिकाऊ माणूस शिकतो तो कोणाच्या जिवावर? न्हाव्याचे पोर दुसऱ्याच्या डोक्यावर शिकते, ही आपल्याकडची जुनी समजूत. चाळीतल्या कुटुंबांकडे जुलैत एक मुलगी येई, घरात किती माणसे, कोण कुठे कामाला, मुले शाळेत का जात नाहीत, असे विचारी. दिवाळीपर्यंत ओळख होई, संक्रांतीपर्यंत माया जडे, आणि मार्चमध्ये परीक्षा आली की ती जाई. पुढच्या जुलैत नवी मुलगी, पुन्हा तेच प्रश्न. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत वाढलेल्या एका गृहस्थांनी मला सांगितले, ‘आमच्या आजीला उत्तरे पाठ झाली होती. नवी पोरगी दारात उभी राहिली की आजी म्हणायची, बस गं, चहा घे, लिहून घे.’ ते हसत सांगत होते. मला त्या आजीचे नाव प्राध्यापकांच्या यादीत असावे असे वाटले.

हे ऋण संस्थांना कळले नव्हते असे म्हणता येणार नाही. ते फेडण्याचा एक मार्ग सापडला तो अपुरेपणातूनच. विद्यार्थी पाठवायचे कुठे? योग्य संस्थाच नव्हत्या. रुग्णालयांत समाजकार्यकर्ता हे पदच नव्हते, मुंबईत जे.जे. रुग्णालयात अशी पहिली नेमणूक झाली १९४६ साली. म्हणून शाळेने काही सेवा स्वतःच सुरू केल्या. १९३७ सालीच शाळेने बालमार्गदर्शन केंद्र काढले, देशातले पहिले. मुलाचे वागणे बिघडले तर त्याला मारण्याऐवजी त्याच्या आईवडिलांशी बोलावे, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईत केंद्र उघडून सांगावी लागली. हीच रीत पुढे चालू राहिली. १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा इन्स्टिट्यूटने स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. नवऱ्याने मारलेली बाई पोलिसांत गेली की तिच्याशी बोलायला तिथे समाजकार्यकर्ती बसू लागली. १९९६ साली रस्त्यावरच्या मुलांसाठी १०९८ ही दूरध्वनीसेवा निघाली, तीही याच संस्थेच्या कामातून. दोन्ही गोष्टी पुढे राज्यात आणि देशात पसरल्या. यातला कितीसा भाग शिकण्याच्या गरजेतून आला आणि कितीसा वस्तीच्या गरजेतून, हे वेगळे करणे अवघड आहे.

पण सगळे पदवीधर अशा कामांत गेले, असे चित्र रंगवू नये. १९४८च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि पदविकेला भाव आला. पुष्कळ जण लेबर वेल्फेअर आणि पर्सोनेलकडे वळले. वस्तीत ‘दादा, ताई’ म्हणून वावरलेला मुलगा दोन वर्षांनी गेटच्या आतल्या कचेरीत बसला. गिरणगावातल्या जुन्या कामगारांच्या बोलण्यात ‘लेबर ऑफिसर’ हा शब्द कोणत्या सुरात येतो, ते मी ऐकले आहे. त्यात माया फारशी नसते. सरकारी रुग्णालयात याच माणसाचे नाव झाले ‘समाजसेवा अधीक्षक’. समाजसेवा आणि अधीक्षक हे दोन शब्द एका फलकावर शेजारी बसवणाऱ्याचे मला कौतुक वाटते.

पुढे शाळा वाढल्या. मुंबईत निर्मला निकेतन १९५५ साली, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ साली. मग विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात समाजकार्य महाविद्यालये. तिथे माध्यम मराठी झाले, आणि सेवार्थी, परिवीक्षा, व्यक्तिसहाय्य कार्य, समुदाय संघटन अशी परिभाषा घडली. काही शब्द ओबडधोबड आहेत. पण एक मोठी गोष्ट झाली: नोंद आणि बोलणे एका भाषेत आले. रुग्णाच्या बायकोचे वाक्य आता अवतरणचिन्हांत पाहुण्यासारखे येत नाही. शिवाय तिथला विद्यार्थी अनेकदा ज्या वस्तीत पाठवला जातो तशाच वस्तीतून आलेला असतो. नागपाड्याच्या पहिल्या तुकडीला जे बाहेरून पाहून शिकायचे होते, ते त्याने जन्मापासून पाहिलेले असते. त्याची अडचण वेगळी. ओळखीच्या गोष्टीकडे लक्ष जात नाही, आणि पर्यवेक्षकाने विचारावे लागते, ‘हे तुला साधे वाटले, पण का घडले?’ अर्थात असे विचारायला पर्यवेक्षकाला वही वाचायला वेळ हवा. महाविद्यालयांतल्या काही शिक्षकांशी बोललो तेव्हा सगळ्यांनी तीच तक्रार केली: रिक्त जागा भरत नाहीत, एकेकाच्या वाट्याला वह्यांचे गठ्ठे येतात, मग प्रत्येक पानावर बरोबरची खूण आणि खाली सही. तासभराची चर्चा दहा मिनिटांवर येते. वही लिहिली जाते, पण एका वर्षाची दुसऱ्या वर्षी उतरवली तरी कोणाला पत्ता लागत नाही.

आणि वह्यांचे पुढे काय होते? त्या जपल्या जात नाहीत. त्यांत लोकांची घरे उघडी पडलेली असतात: कोणाचा नवरा पितो, कोणाची मुलगी पळून गेली, कोणाला कुठला आजार. म्हणून निकाल लागला की काही काळाने त्या फाडून टाकायच्या, हा दंडक. मुंबईतल्या श्रमिकांच्या घरांतल्या संभाषणांची, ती घडली त्याच दिवशी लिहिलेली इतकी तपशीलवार नोंद दुसऱ्या कोणत्याही दफ्तरात नसेल. पोलिसांच्या नाही, पालिकेच्या नाही, युनियनच्याही नाही. तिची दरवर्षी रद्दी होत आली. इतिहास जमवणाऱ्या माणसाला हे ऐकून पोटात खड्डा पडतो. मी बाईंना सुचवले की नावे खोडलेलीच आहेत, तर या दोन वह्या एखाद्या ग्रंथालयात द्याव्यात. त्यांनी नकार दिला. नाव खोडले तरी चाळीतल्या माणसाला आपले घर ओळखता येते, असे त्या म्हणाल्या. आणि ज्यांनी हे सांगितले त्यांनी ते एका विद्यार्थिनीला सांगितले होते, ग्रंथालयाला नाही.

मी त्या वह्यांतून जे इथे दिले आहे, ते त्यांना वाचून दाखवून दिले आहे. दोन तपशील त्यांनी काढायला लावले. बदली कामगाराचा भाग राहू द्या म्हणाल्या, तसे हजारो होते. वह्या त्यांच्याकडेच आहेत, लोखंडी कपाटात खालच्या खणात, आणि आपल्यामागे त्या भिजवून लगदा करायच्या, असे त्यांनी मुलीला सांगून ठेवले आहे.